कोचला उजवा कौल

गुरुप्रसाद वालावलकरांनी मागवलेला चहा बहुतेक वेळा दुसराच कोणीतरी पितो. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. ते काजूच्या शेडच्या दारात उभे राहतात आणि "शक्य झाल्यास अर्धा कप चहा मिळाला तर बरं होईल," असं इतक्या हळू आणि इतक्या शुद्ध मराठीत म्हणतात, की ऐकणाऱ्याला वाटतं कोपऱ्यात कोणीतरी रेडिओ लावून ठेवलाय. चहा येतो, वाटेत ज्याचा आवाज मोठा त्याच्या हातात जातो, आणि गुरुप्रसाद रिकाम्या कपाकडे बघून म्हणतात, "असू दे, असू दे."

आंबेशेत काजू प्रक्रिया सहकारी संस्थेचे ते कार्यकारी अधिकारी. हाताखाली बावीस बायका, एक क्लार्क आणि एक बॉयलर. पैकी त्यांचं ऐकायचा तो बॉयलर, तोही लहर असली तर. घरात त्यांची मालवणी धबधब्यासारखी चालते, पण संस्थेच्या पायरीवर चप्पल काढली की मालवणीही तिथेच निघते. साहेबाने साहेबासारखं बोलावं अशी त्यांची समजूत. आता साहेबासारखं बोलल्यावर समोरच्याला आपण साहेब वाटतोच असं नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "असू दे."

यंदा मात्र असू देण्यासारखं नव्हतं. पुण्याच्या एका कंपनीने दिवाळीच्या भेटीसाठी काजूगरांचे दोन हजार डबे मागवले होते. संस्थेच्या जन्मात एवढी ऑर्डर आली नव्हती. आणि ती आली कधी, तर ऐन भातकापणीत. चेअरमन परशुराम सामंत, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, ते ऑफिसात आले, गुरुप्रसादांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "गुरू, माल येळेत गेलो तर तू. नाय गेलो तर दिवाळेनंतरच्या सभेत ह्या खुर्चीर आमचो दीपेश."

दीपेश आबांचा पुतण्या. त्याने कोल्हापुरात राहून व्यवस्थापनाची पदवी घेतली होती आणि गेली दोन वर्षं घरी बसून तो त्या पदवीचंच व्यवस्थापन करत होता.

खुर्ची साधीच होती, एक चाक नसलेली, पण अठरा वर्षं ते तिच्यावर तोल सांभाळून बसले होते. त्यांनी त्याच दुपारी शेडमध्ये जाऊन भाषण केलं. "भगिनींनो, सोमवारपासून कामाची वेळ सकाळी आठ करण्याचा विचार आहे. तरी सर्वांनी यथाशक्ती सहकार्य करावं अशी नम्र विनंती." बावीस भगिनींपैकी एकीनेही काजू फोडायचा कटर थांबवला नाही. सोमवारी गुरुप्रसाद नवाला पोचले तेव्हा शेडमध्ये एक कुत्रा होता. मुकादम सीता साडेदहाला आली, तीही केसातलं गवत काढत.

"सीताबाई, आठची वेळ ठरली होती."

"ठरली खंय? तुमी 'विचार आहे' म्हटलास," सीता म्हणाली. "इचार काय, माझ्याय मनात खूप येतत. भात उभ्यान झडता तां कोण कापतलो? आमचे घोव?" त्यावर शेडमधल्या बायका ज्या हसल्या, त्यावरून आंबेशेतातले नवरे भात कापत नाहीत एवढं कळलं.

त्या संध्याकाळी बंगळुरूहून लेकीचा, तन्वीचा, फोन आला. बापाचा आवाज ऐकून ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला एक्झिक्युटिव्ह कोच पाहिजे. आमच्या सरांनी घेतलाय."

"तो काय करतो?"

"काही करत नाही. प्रश्न विचारतो."

"आणि उत्तरं?"

"ती सर देतात."

"मग फी कोण देतं?"

"तीही सरच देतात. पण बाबा, सर आता काय ठाम बोलतात म्हणून सांगू! परवा त्यांनी मालकाला नाही म्हटलं."

नाही! गुरुप्रसादांच्या अंगावर काटा आला. त्यांनी आयुष्यात लग्नाच्या पंगतीत जिलबीलासुद्धा नाही म्हटलं नव्हतं. त्यांच्या बायकोने, गौरजाबाईंनी, मात्र भाकरी थापता थापता निकाल दिला. "प्रश्नच इचारूचे तर मी काय मेलंय? 'खंय होतास? दूध कित्याक आणूक नाय?' सव्वीस वर्षां फुकटात इचारतंय." मग त्यांना त्यांचं माहेर आठवलं. त्या पिंगुळीच्या. "आमच्या पिंगुळेत बाहुली नाचवणारो पडद्याआड रवता. तुमचो कोच खंय रवतलो? पडद्याआड, की आमच्या पडवेत?"

तन्वीने नाव पाठवलं: सुनीती बापट, पुणे. गुरुप्रसादांनी दोन दिवस खपून ई-मेलवर एक पत्र लिहिलं. उत्तर अर्ध्या तासात आलं. बाईंनी लिहिलं होतं की त्या सल्ला देत नाहीत, फक्त सोबत करतात. आणि काम ठरण्याआधी एक 'केमिस्ट्री मीटिंग' होते, एकमेकांशी सूर जुळतो का ते बघायला. ती मोफत असते. हे पत्र गुरुप्रसादांनी सरळपणाने बायकोला वाचून दाखवलं. गौरजाबाईंचं रसायनशास्त्र नववीत सुटलं होतं, पण संध्याकाळच्या मालिकांनी ते पुढे बरंच वाढवलं होतं. त्या म्हणाल्या, "सूर जुळूचो आसात तर भजनात बसा." आणि त्या रात्रीच्या सोलकढीत मीठ नव्हतं.

फी संस्थेने द्यायची, तर ठराव हवा. ठराव म्हणजे कमिटी, आणि कमिटी म्हणजे कांदाभजी. शिवाय लेखापरीक्षकांचा नियम असा, की संस्थेला बाहेरून काहीही घ्यायचं तर तीन कोटेशनं आणि तुलनात्मक तक्ता पाहिजे, मग ती टाचणी असो की बॉयलर. क्लार्क स्वप्नाने कपाट धुंडाळलं. तिला तक्त्याचा एकच छापील नमुना सापडला. तो संस्थेने एकदा माल न्यायला टेम्पो भाड्याने घेतला तेव्हाचा होता. स्वप्नाने 'टेम्पो'वर काट मारून वर 'कोच' लिहिलं. तिच्या दृष्टीने फार फरक पडत नव्हता.

विषयपत्रिका गावात फिरली. विषय क्रमांक चार, 'संस्थेसाठी एक्झिक्युटिव्ह कोच घेणेबाबत.' गुरुप्रसादांचे शेजारी आणि कमिटीचे संचालक मंगेश परब हे एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. ते चष्मा कपाळावर चढवून कुंपणापाशी आले.

"गुरू, मेल्या, पयल्यांदा तुका अक्कल इली. खंयची कंपनी? सीटा दोन बाय दोन ना?"

"मंगेशराव, कोच म्हणजे तसं नव्हे," गुरुप्रसाद म्हणाले. ते संस्थेच्या कामाबद्दल बोलत असल्याने शुद्ध मराठीत गेले होते.

"माका शिकवतंस? तीस वर्षां यष्टीत काढलंय. कोच म्हणजे गाडी. एक्झिक्युटिव्ह म्हणजे जिची सीट मागे पडता ती."

"म्हणजे तसंही म्हणता येईल, पण..."

माणसाचा घात कुठे होतो? मोठ्या पापात होत नाही, 'तसंही म्हणता येईल'मध्ये होतो. मंगेशराव 'पण' ऐकायला थांबले नाहीत. सभेत विषय चार आला तेव्हा त्यांनीच उठून सांगितलं की कोच हा काळाची गरज आहे, पाठीच्या मणक्याला बरा असतो. आबा म्हणाले, बायकांना एकदा देवदर्शनाला न्यावं असं आपल्याही मनात होतंच. गुरुप्रसादांनी तीनदा बोट वर केलं. तिन्ही वेळा त्यांच्यापुढे भज्यांची बशी आली. ठराव एकमताने मंजूर झाला, सूचक मंगेश परब, अनुमोदक खुद्द आबा.

संध्याकाळी सीता घरी आली. हातात वहीचं पान होतं. "सायबांनू, ह्ये बायो खिडकेकडे. ह्ये दोघी ओकतत, त्येंका म्होरे बसवा. आणि गाडी गाणगापुराक जाता की तुळजापुराक, तां एकदा ठरवा."

आता सत्य सांगायलाच हवं होतं. गुरुप्रसादांनी घसा खाकरला. "सीताबाई, ती गाडी नाही. त्या एक बाई आहेत."

"बाई?" सीतेचे डोळे मोठे झाले. "बाई चलवतली?"

"हो. म्हणजे नाही. त्या मला चालवतील."

गावात बातमी गेली ती अशी, की पुण्याहून एसी गाडी येणार, गाडी चालवायला बाई आहे, आणि गुरुप्रसाद क्लीनर म्हणून जाणार.

इकडे स्वप्नाने कर्तव्य म्हणून तो टेम्पोचा तक्ता सुनीतीबाईंना भरायला पाठवून दिला होता. बाई कसलेल्या होत्या. समोरून काहीही आलं तरी त्यात खोल अर्थ असणार, अशी त्यांच्या धंद्याची शिस्त. त्यांनी तक्ता मनापासून भरून पाठवला. 'आसनक्षमता' या रकान्यात लिहिलं, 'एका वेळी एकच. गट असल्यास सहापर्यंत.' 'वातानुकूलित आहे काय?' यापुढे, 'शांत खोली पुरेशी.' 'चालकाचे नाव' यापुढे, 'चालक आपण स्वतःच. मी फक्त शेजारी बसते.' 'यापूर्वीचे अपघात' यापुढे लिहिलं होतं, 'अनेक. त्यांतूनच घडत गेले.' आणि 'फिटनेस सर्टिफिकेट' म्हणून त्यांनी पळण्याच्या शर्यतीसाठी घेतलेला डॉक्टरचा दाखला जोडला होता. दुसरं कोटेशन कणकवलीच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याचं होतं आणि तिसरं, तिसरं मिळेना म्हणून, हायस्कूलच्या कबड्डीच्या सरांचं. लेखापरीक्षकांनी तिन्ही पाहून सुनीतीबाईंच्या नावापुढे लाल शाईने शेरा मारला, 'आसनक्षमता अपुरी. अपघातांचा तपशील मागवावा.'

खुर्चीचा अंदाज घ्यायला हल्ली रोज ऑफिसात येणाऱ्या दीपेशच्या हाती हा कागद लागला आणि त्याची पदवी प्रथमच कामी आली. त्याने काकांना सांगितलं, "काकांनू, हो कोच म्हणजे गाडी न्हय. माणूस. गुरुप्रसादकाकांका बोलूक शिकवणारो."

आबा ऑफिसात आले ते चपलांसकट. मागोमाग मंगेशराव, आणि त्यांच्यामागे कटर टाकून सीता आणि निम्म्या बायका. "म्हणजे गाडी नाय?" आबा कडाडले. "संस्था तुका बोलूक शिकवतली? बावन्न वर्षां काय मुको होतंस?"

"मी सभेत स्पष्टीकरण देण्याचा प्रयत्न..."

"गाडी नाय तर आमी जातलव कापणेक," सीता म्हणाली. "डबे सायबांनीच भरूचे."

मंगेशराव म्हणाले, ठराव कोचचा आहे आणि कोच म्हणजे गाडीच. दीपेश म्हणाला, शब्दकोशात बघा. स्वप्ना म्हणाली की दोन्ही अर्थ आहेत, तिने मोबाइलवर बघितलं. आबा म्हणाले, ठराव रद्द करू. स्वप्ना म्हणाली, रद्द करायला सात दिवसांची नोटीस लागते. अडीच तास वाद झाला. त्या अडीच तासांत एकही काजू फुटला नाही आणि दिवाळी अडीच तास जवळ आली. एवढं झाल्यावर मग आंबेशेतात जे होतं तेच झालं. आबा दमून म्हणाले, "देवाक इचारूया."

यात हसण्यासारखं काही नाही. आंबेशेतात जमिनीचा बांध, मुलीचं स्थळ, विहिरीची जागा असले सगळे प्रश्न श्री देव रवळनाथापुढे जातात. गुरव पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कोर्टापेक्षा लवकर निकाल लागतो आणि अपील नाही. मात्र एक्झिक्युटिव्ह कोच नेमावा की नाही, हा प्रश्न रवळनाथापुढे पहिल्यांदाच येत होता.

नेमका शुक्रवार ठरला, आणि नेमक्या त्याच शुक्रवारी सुनीतीबाई आल्या. त्या सुट्टीला तारकर्लीला उतरल्या होत्या. जवळच आहोत तर केमिस्ट्री मीटिंग उरकून घेऊ, असं त्यांनी कळवलं होतं आणि गुरुप्रसादांना अर्थातच नको म्हणता आलं नव्हतं. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, सुती कुर्त्यातल्या बाई देवळाच्या पायऱ्या चढून आल्या तेव्हा बायकांनी वळून वळून बघितलं. सीता कोणालातरी म्हणाली, "ड्रायव्हर इली." गौरजाबाईंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं, मग स्वतःशेजारी चटईवर जागा करून दिली. नजरेखाली असलेली बरी.

विश्राम गुरवाने पाकळ्या लावल्या. सगळे हात जोडून उभे राहिले. त्याने डोळे मिटले आणि त्याचा आवाज घुमू लागला.

"बा देवा रवळनाथा, बारा वाड्यांच्या धन्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ एका आवाजात म्हणालं. सर्वांत मोठा आवाज आबांचा. ते मानकरी. चाळीस वर्षं या गजराचं पहिलं अक्षर त्यांच्याच तोंडून निघत आलंय.

"आज ही तुझी लेकरां संस्थेच्या कामासाठी तुझ्या पायाकडे एकजुटीन इलेली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येंच्या मनात येक... येक्झी... येक्झेकुटी कोच आणूचो आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तो कोच आणल्यान संस्थेचा कल्याण होतला आसात तर उजवो दी, आणि तेच्या वाटेत जो कोण वाकडो-आडवो येयत तेका तुझ्या पायाखाली घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांचे डोळे पाषाणावर खिळले. सुनीतीबाईंचेसुद्धा. डावीकडची पाकळी जरा थरथरली. आबांनी ओठ आवळले. आणि टपकन उजवी पडली.

एकच जल्लोष झाला. मंगेशराव ओरडले, "गाडी!" दीपेश ओरडला, "माणूस!" आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की देवाने होकार दिलाय खरा, पण कशाला, ते काही कळलेलं नाही.

"मी कोच म्हटलंय," विश्राम घाम पुसत म्हणाला. "देवान व्हय म्हटल्यान. खंयचो कोच तां माका इचारू नका."

"परत लाव पाकळे!" आबा म्हणाले.

"एका इषयार एकदाच. देव काय मोबायल आसा, परत परत दाबूक?"

झालं. जो तो बोलू लागला. गाडीवाले एकीकडे, आबा दुसरीकडे. सीता पदर खोचून म्हणत होती की देवाने गाडी दिली, आता ती अडवणाऱ्याच्या तोंडावर शिरा पडो. मंगेशराव आसनक्षमतेवर बोलत होते. आणि मधोमध गुरुप्रसाद, ज्यांच्या खुर्चीचा हा सगळा प्रश्न होता, ते कोणीतरी हातात कोंबलेला नारळ धरून उभे होते. त्यांना कोणी विचारतही नव्हतं.

तेवढ्यात सुनीतीबाई त्यांच्या कानाशी वाकून शांतपणे म्हणाल्या, "गुरुप्रसादजी, या क्षणी तुम्हाला नेमकं काय वाटतंय?"

बाईंनी हा प्रश्न आजवर शेकडो लोकांना विचारला असेल. लोक त्यावर खिडकीबाहेर बघतात, उसासा टाकतात, फार तर डोळे पुसतात. गुरुप्रसादांना हा प्रश्न बावन्न वर्षांत कोणीच विचारला नव्हता. आबांच्या तोंडावर ओरडण्याची त्यांची छाती नव्हती, म्हणून ते देवाकडे वळले. आणि देवाशी काही कोणी शुद्ध मराठीत बोलत नाही.

"बा देवा म्हाराजा! हंय माझा कोण आयकणा नाय. तूच आयक!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ म्हणालं.

कोणी ठरवून म्हणालं नाही. आमच्याकडे पाषाणापुढे उभं राहून कोणी त्या चढत्या सुरात 'म्हाराजा' म्हणालं, की गळा आपला आपण उत्तर देतो. शिंक आल्यासारखं असतं ते. गुरुप्रसाद स्वतःच दचकले. पण आता थांबणं त्यांच्या हातात राहिलं नव्हतं.

"बोलूक शिकवणारो कोच माका नको! गाडीच येतली, पण दिवाळी झाल्यार येतली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"फाल्यापासून सकाळी आठाक जी कामार येतली, तीच गाडीत बसतली!"

"व्हय म्हाराजा!"

"बायलांचा भात ह्येंचे घोव कापतले! कमिटीत बसान भजी खाणारे इळे घेवन शेतात उतरतले!"

"व्हय म्हाराजा!" हा गजर बायकांनी असा दिला, की देवळाच्या आढ्यातली कबुतरं उडाली. मंगेशरावांचंही तोंड त्यात उघडलं होतं आणि ते मिटायला त्यांना बराच वेळ लागला.

"आणि ती खुर्ची माझी आसा! ती माझीच रवतली, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सर्वांत मोठा आवाज आबांचा होता. चाळीस वर्षांची सवय. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी हात तोंडाकडे नेला खरा, पण रवळनाथासमोर दिलेला शब्द बोटांनी परत आत ढकलता येत नाही. दीपेशने काकांकडे बघितलं. काकांनी देवाकडे बघितलं. देव नेहमीसारखाच होता.

सुनीतीबाईंनी वही उघडली. "फारच छान. आपण पुढची भेट कधी ठेवूया?"

"नको," गुरुप्रसाद म्हणाले. मग त्यांनी तो शब्द जिभेवर पुन्हा एकदा घोळवून बघितला. "नको हो बाई. चहा घेऊन जा."

बाई मनमोकळं हसल्या. त्यांच्या धंद्यात गिऱ्हाईक पहिल्याच भेटीत बरं होणं ही तशी नुकसानीचीच गोष्ट, पण त्या तक्रार न करता चहाला थांबल्या. गौरजाबाईंनी त्यांना जाताना कोकमं बांधून दिली. त्या दिवसापुरतं त्यांचं रसायनशास्त्राबद्दलचं मत बदललं होतं.

देवळातून गुरुप्रसाद तडक संस्थेत गेले. पायरीवर त्यांनी चप्पल काढली आणि आयुष्यातली पहिली अशी नोटीस लिहिली जिच्यात 'कृपया' नव्हतं. 'उद्यापासून कामाची वेळ सकाळी आठ. उशिरा येणारा, मग तो कोणीही असो, दुपारपर्यंत कटरवर उभा राहील.' खाली सही. शेडच्या दारावर स्वतःच्या हाताने चिकटवली. 'कोणीही असो' हे शब्द लिहिताना त्यांना विशेष आनंद झाला होता. त्यांच्या डोळ्यांपुढे दीपेश होता. मग घरी येऊन ते पोटभर जेवले, आडवे झाले आणि महिनाभर न लागलेली झोप त्यांना त्या एका रात्रीत लागली.

जाग आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून वीस मिनिटं झाली होती.

"अगो! माका उठवूक नाय?"

"काल देवळात सगळ्यांका काय काय सांगितलास," गौरजाबाई शांतपणे म्हणाल्या. "माका उठवूक खंय सांगितलास?"

अंघोळ नाही, नाश्त्याचे घावणे नाहीत. शर्टाचं बटण वरखाली लागलेलं. स्कूटर वळणावर आली आणि गुरुप्रसादांना आवाज ऐकू आला. खटक, खटक, खटक. बावीस कटर एकदम चालले होते. रस्त्याच्या पलीकडच्या शेतात मंगेशराव लुंगी गुंडाळून, कमरेला हात लावत, इळ्याने भात कापत होते. त्यांच्यापुढे आणखी तीन संचालक वाकले होते, आणि बांधावर छत्री घेऊन उभे असलेले आबा त्यांना कापायचं कसं ते समजावून सांगत होते. गुरुप्रसादांचा ऊर भरून आला. हे सगळं आपल्या शब्दावर चाललंय!

शेडच्या दारात सीता उभी होती. आत जायला वाट नव्हती. ती नोटिशीकडे तोंड करून उभी होती आणि बोट ठेवून, एकेक अक्षर सुटं करून, मोठ्याने वाचत होती. "मग... तो... को-णी-ही... असो."

आत कटर थांबले. बाकीच्या एकवीसजणी बघत होत्या. गुरुप्रसादांच्या मनात कारणं भराभर आली. स्कूटरचं चाक बसलं. फोनला रेंज नव्हती. रक्तदाब. त्यांनी तोंडही उघडलं, "त्याचं असं झालं, सीताबाई, की काही अपरिहार्य..." आणि ते मध्येच थांबले. अठरा वर्षांत त्यांनी दारावर शंभर नोटिसा लावल्या असतील. शेंगदाणे बांधायला, उंदराचं बीळ बुजवायला, पाय पुसायला त्यांचा उपयोग झाला होता. आज पहिल्यांदा त्यांची नोटीस कोणीतरी वाचली होती, तीही पुरी.

त्यांना फार वाईट वाटलं. आणि फार बरंही वाटलं.

"उशीर झालो गो," ते म्हणाले. "चूक माझी."

सीता बाजूला झाली. खुंटीवरचा एप्रन काढून तिने त्यांच्या हातात दिला आणि कोपऱ्यातला मोकळा कटर दाखवला. कोणी हसलं नाही. निदान त्यांच्या तोंडावर तरी नाही. गुरुप्रसाद उभे राहिले, चीक लागू नये म्हणून हाताला तेल चोळलं, पहिली बी ठेवली. ती उडून बॉयलरवर आपटली.

"आडवी धरा, सायबांनू. बोटां जातली."

त्यांनी आडवी धरली. नवाच्या सुमारास दीपेश डुलत डुलत दारात आला, नोटिशीपाशी थबकला, आणि आत एप्रन घातलेल्या साहेबांना बघून त्याचा चेहरा उतरला. गुरुप्रसादांनी मान वर केली नाही. कोपराने फक्त शेजारचा कटर दाखवला, आणि दीपेश मुकाट्याने हाताला तेल चोळू लागला. ऑफिसच्या काचेपलीकडे ती तीन चाकांची खुर्ची दुपारपर्यंत रिकामी होती, आणि ती कोणाची, हे विचारायला त्या दिवशी कोणीही आलं नाही.